वाचा गेली तर किती टक्के?

‘दारू पिऊन परांचीवर चढला होतास ना?’

‘हां, मग.’

‘दवाखान्याचा खर्च शेठने केला ना?’

‘हां, मग.’

‘आता तुझं काही मागणं नाही ना?’

‘हां, मग.’

एवढाच हा संवाद. ठेकेदाराच्या माणसाने तो मोबाइलवर चित्रित केला, मुद्रांकाच्या कागदावर डाव्या हाताचा अंगठा उठवून घेतला, ऐंशी हजार रुपये फळीवर ठेवले आणि तो निघून गेला. हे घडले मुळशी तालुक्यातील माण गावी, पत्र्याच्या एका भाड्याच्या खोलीत. ज्याचा हा ‘कबुलीजबाब’ म्हणून आता आयुक्तांसमोर मांडला जात आहे तो माणूस सेंट्रिंगचा कामगार. मराठवाड्यातून पोट भरण्यासाठी आलेला, वय चाळीस. २०२४ च्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबसाठी बांधलेल्या परांचीवरून तो खाली आला आणि डोक्याची डावी बाजू लोखंडी पाइपावर आपटली. कवटी उघडून रक्ताची गाठ काढावी लागली. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत का होईना चालतो. आणि चाळीस वर्षांत साठविलेल्या सगळ्या भाषेतून दोन शब्द तेवढे हाताशी उरले, ‘हां, मग’. तहान लागली तरी ‘हां, मग’. मुलीचे नाव घ्यायचे असले तरी ‘हां, मग’. नकार द्यायचा असला तरीही तेच.

त्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. दारू त्याने आयुष्यात कधी शिवलेली नाही, हे त्याच्या आळीतले शेंबडे पोरही सांगेल. ठेकेदाराच्या मुकादमालाही ते ठाऊक आहे, कारण दर आषाढीला हा माणूस खर्ची उचलून वारीला जातो म्हणून तोच आजवर चरफडत आला आहे. ते चित्रण मला दाखविण्यात आले तेव्हा मी त्याच्यासमोर बसून विचारले, ‘आज अमावास्या आणि पौर्णिमा एकाच दिवशी आली आहे का हो?’ ‘हां, मग,’ तो म्हणाला, आणि लगेच आपल्या डाव्या हाताने कपाळ बडवून घेऊ लागला. प्रश्न त्याला कळला होता. उत्तर चुकले हेही कळले होते. चूक दुरुस्त करण्यासाठी जो शब्द हवा होता तो मात्र येत नव्हता.

ह्या अवस्थेला वैद्यकात वाचाघात म्हणतात, इंग्रजी नाव ॲफेझिया. हे वेड नव्हे, मतिमंदत्व नव्हे, की घशाचा वा जिभेचा रोगही नव्हे. बहुतेक माणसांच्या मेंदूत भाषेचा कारभार डाव्या अर्धगोलात चालतो. तिथला रक्तपुरवठा गुठळीने तुटला, वाहिनी फुटली, किंवा बाहेरून घाव बसला, की विचार शाबूत राहून शब्द हरवू शकतात. तोच डावा अर्धगोल शरीराच्या उजव्या बाजूवर हुकमत चालवितो. म्हणून कष्टकऱ्याची भाषा आणि त्याचा कामाचा हात ही दोन्ही पुष्कळदा एकदमच जातात. अर्धांगवायूचा झटका आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांना वाचाघात होतो, आणि डोक्याला मार लागून तो होणारे निराळेच. वाचाघाताचा दुसरा एक प्रकार याहून फसवा आहे. त्यात माणूस घडाघड बोलतो, पण बोलण्याचा अर्थ लागत नाही, आणि समोरच्याचे बोलणेही त्याला नीट कळत नाही. अशा माणसाला कारखान्याच्या फाटकावर रखवालदार दारुडा म्हणून हाकलतो आणि गावाकडे नेले तर बाहेरची बाधा म्हणून देवऋष्यापुढे बसवितात.

शास्त्राला ह्यातले काहीच नवे नाही. पॅरिसमधील बिसेत्र रुग्णालयात १८६१ साली पॉल ब्रोका ह्या शल्यवैद्याने एका मृत रुग्णाचा मेंदू तपासून भाषेचे स्थान दाखवून दिले. तो रुग्ण एकवीस वर्षे ‘तान’ ह्या एका उच्चारापलीकडे जवळजवळ काही बोलू शकला नव्हता. ग्रंथांतून तो दीडशे वर्षे ‘तान’ ह्याच नावाने वावरला. त्याचे खरे नाव लुई व्हिक्टर लेबोर्न, आणि धंदा चांभारांसाठी बुटांचे साचे घडविण्याचा. म्हणजे भाषेचे मेंदुविज्ञान ज्याच्या डोक्यातून सुरू झाले तो एक कारागीरच होता. विज्ञानाला त्याचा मेंदू हवा होता, नाव नसले तरी चालण्यासारखे होते.

आता आपल्या कायद्याकडे वळू. माणच्या ह्या कामगाराचा अपघात १९२३ च्या भरपाई कायद्याखाली येतो. पूर्वी ‘कामगार नुकसानभरपाई’ म्हणत त्याचे २००९ साली ‘कर्मचारी भरपाई’ असे नामांतर झाले. ह्या कायद्याला एक परिशिष्ट आहे. कार्यकर्त्यांनी ते एकदा तरी नजरेखालून घालावे, म्हणजे खाटकाच्या दुकानातील दरपत्रक वाचल्याचा अनुभव येईल. अंगठा गेला तर ३० टक्के. तर्जनी संपूर्ण गेली तर १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. दुसरा डोळा धड असून एक डोळा गेला तर ४०. आणि ज्या इजा झाल्या असता कामगार कायमचा व संपूर्ण निकामी झाला असे निर्विवाद मानायचे, त्यांची निराळी यादी आहे: दोन्ही हात, एक हात व एक पाय, दोन्ही पाय, कामाला आवश्यक ती दृष्टी, चेहऱ्याची अतिशय भयंकर विद्रूपता, आणि संपूर्ण बहिरेपणा.

ऐकू येईनासे झाले तर शंभर टक्के. चेहरा विद्रूप झाला तर शंभर टक्के. वाचा गेली तर? यादीत उत्तर नाही. करंगळीच्या एका पेराची किंमत ज्यांनी ठरविली त्यांना भाषेची किंमत ठरवावीशी वाटली नाही. १९२३ साली हे समजण्यासारखे होते. साहेबाच्या लेखी गिरणीतला, खाणीतला, रेल्वेतला देशी मजूर म्हणजे हात, पाय आणि डोळे. तो बोलतो ही मालकाच्या दृष्टीने उपयोगाची नव्हे, उपद्रवाची गोष्ट होती. पण साहेब जाऊनही पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली. १९२३ च्या कायद्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली संसदेने संमत केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. कामगारांचे एकोणतीस कायदे मोडीत काढून चार संहिता रचल्या, युगप्रवर्तक म्हणून त्यांचा गाजावाजा झाला. इजांची ती यादी मात्र जुन्या वहीतून नव्या वहीत उतरवून घ्यावी तशी उतरली. वाचा तेव्हाही नव्हती, आताही नाही.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. त्यात ह्या कुटुंबाची भाकरी अडकली आहे. हिशेब सोपा आहे. कायमच्या संपूर्ण अपंगत्वाला मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयाच्या गुणकाने गुणतात. वेतन कितीही असले तरी हिशेबाला १५,००० रुपयांपर्यंतच धरतात. चाळीस वर्षांच्या माणसाचा गुणक १८४.१७. म्हणजे ९,००० गुणिले १८४.१७, बरोबर १६ लाख ५७ हजार ५३०. अपंगत्व ‘अंशतः’ ठरले तर डॉक्टर कमाईच्या क्षमतेचे जितके टक्के नुकसान लिहील तितकाच ह्या रकमेचा हिस्सा. ह्या माणसाच्या दाखल्यावर ४५ टक्के लिहिले आहेत, आणि तेही फक्त उजव्या हाताचे. भाषा कोणी तपासलीच नाही, कारण तपासणारा माणूस त्या रुग्णालयात नव्हता. म्हणजे झाले साडेसात लाखांच्या आत.

पण खरी मेख पुढेच आहे. अपघाताच्या वेळी कामगार दारूच्या अंमलाखाली होता, किंवा त्याने सुरक्षेचा नियम हेतुपुरस्सर मोडला, एवढे सिद्ध झाले तर मालकाची जबाबदारी सुटते. मात्र मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर ही पळवाट मालकाला मिळत नाही, असे त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात आहे. आता मोबाइलवरचे ते चित्रण का केले हे वाचकांच्या ध्यानात येईल. वाचा जाणे हे यादीत नसल्यामुळे अपंगत्व ‘अंशतः’. अपंगत्व अंशतः म्हणून दारूचा बचाव खुला. आणि दारूचा पुरावा कोणता, तर ज्याची वाचा गेली आहे त्याचेच ‘हां, मग’. गेलेल्या वाचेची भरपाई टाळण्यासाठी त्याच गेलेल्या वाचेला साक्षीला उभे करायचे! ह्या युक्तीमागे ठेकेदाराचे डोके नाही, कोणा जाणत्या वकिलाचेच असले पाहिजे.

वास्तविक कायद्याला मन असते तर मार्गही आहे. हक्क सोडून दिल्याचा कोणताही करार भरपाईच्या बाबतीत रद्दबातल समजावा, असे सतराव्या कलमात स्पष्ट आहे. तडजोडीची नोंद आयुक्तांकडे व्हावी लागते आणि रक्कम अपुरी वाटली तर ती नोंद नाकारण्याचा अधिकार त्यांना आहे. ठेकेदाराने हात वर केले तर मूळ मालकही बांधील राहतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये प्रतापनारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता ह्या खटल्यात, डावा हात गमावलेल्या सुताराला शंभर टक्के भरपाई रास्त ठरविली. एका हाताने सुतारकाम होत नाही एवढे साधे तर्कशास्त्र त्यामागे होते. मग भाषेविना सेंट्रिंगचे काम होते काय? परांचीवर उभा असलेला माणूस खालच्याला ‘सर’ म्हणून ओरडू शकला नाही, वरून आलेला इशारा त्याला वेळेवर कळला नाही, तर तो स्वतः मरेल आणि दुसऱ्यालाही मारील. कोणता मुकादम त्याला कामावर घेईल? पण हे तर्कशास्त्र मांडायला तोंड लागते, वकील लागतो, तारखांना खाडे करणारा सोबती लागतो. दाव्याला मुदत दोन वर्षांची. ज्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही त्याची दोन वर्षे कशी सरतात हे त्याच्या बायकोला विचारा. ‘भाऊ, पहिलं वर्ष तर आम्ही ते आज बोलतील, उद्या बोलतील म्हणूनच काढलं,’ असे वहिनी मला म्हणाल्या.

इथे विरोधी पक्षाच्या आणखी एका मुद्द्याचा समाचार घेणे भाग आहे. दर एकादशीला ह्या खोलीसमोर भजन होते. एके दिवशी ठेकेदाराच्या माणसाने तिथेही चित्रण केले. त्यात हा ‘मुका’ माणूस सर्वांबरोबर ‘रामकृष्ण हरी’ म्हणताना दिसतो. सुरात, स्पष्ट, टाळ डाव्या हातात. झाले! ‘पाहा, बोलतो आहे, सोंग करतो आहे.’ आमच्याच एका कार्यकर्त्याचाही त्या दिवशी विश्वास डळमळला, म्हणून हे सविस्तर लिहितो. पाठ असलेले नामस्मरण, आकडे, वार, शिव्या आणि गाणे ह्यांची वाट मेंदूत निराळी असते. जो माणूस ‘पाणी’ म्हणू शकत नाही तो लहानपणापासूनचे भजन शब्दांसकट म्हणू शकतो, ही वाचाघाताची सर्वज्ञात खूण आहे. तिच्याच आधारे १९७० च्या दशकात अमेरिकेत सुरावर शब्द चढवून बोलायला शिकविण्याची उपचारपद्धती निघाली. म्हणजे देहू-आळंदीच्या ह्या टापूत ज्या भजनातून उपचाराची सुरुवात होऊ शकली असती, तेच भजन त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले जात आहे.

उपचार म्हणताच एक सुशिक्षित वर्ग खांदे उडवितो. ‘अहो, क्षयाच्या गोळ्या मिळत नाहीत तिथे ही वाणी-उपचारांची चैन कशाला? आणि सहा महिन्यांनंतर काही सुधारत नाही म्हणे.’ हे ‘म्हणे’ कोणाच्या सोयीचे आहे? वाणी व भाषेच्या उपचारांविषयी जगभर झालेल्या ५७ चाचण्यांचा, ३,००२ रुग्णांचा एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. उपचाराने दैनंदिन संवाद सुधारतो असा त्याचा निष्कर्ष आहे. २०१७ साली जर्मनीतील १५६ रुग्णांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्या सर्वांचा वाचाघात सहा महिन्यांहून जुना होता. आठवड्याला दहा तास वा अधिक असे किमान तीन आठवडे कसून उपचार केल्यावर त्यांच्या बोलण्यात खरा फरक पडला. आमच्या ह्या कामगाराला रुग्णालयातून घरी पाठविताना किती तास मिळाले? एकही नाही. ‘बोलतील हळूहळू’ असे सांगून गोळ्यांची चिठ्ठी हातात दिली. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा पैसा प्रामुख्याने खाटेवर पडलेल्या रुग्णासाठी आहे. कवटी उघडायला सरकार पैसे देते. त्या कवटीतली भाषा परत आणायला महिनोन् महिने जे लागते, ते खाटेवर होत नाही, म्हणून त्याचा हिशेबही कोणी धरत नाही.

वर्गभेद औषधाच्या बाटलीत असतो तसाच तो शब्दांतही असतो. लेनिनच्या राजकारणाविषयी आपले मतभेद जुने आहेत, ते इथे उगाळण्याचे प्रयोजन नाही. पण मे १९२२ आणि डिसेंबर १९२२ नंतर मार्च १९२३ मध्ये तिसरा झटका आला आणि अर्ध्या जगाला हलविणाऱ्या ह्या माणसाची वाचा गेली. जानेवारी १९२४ मध्ये मृत्यू येईपर्यंत मूळची शिक्षिका असलेली क्रुप्स्काया त्याला रोज धडे देऊन पुन्हा शब्द शिकवीत होती आणि दिमतीला देशोदेशींचे डॉक्टर होते. माणच्या खोलीत चौथी शिकलेल्या वहिनी आहेत. सकाळी त्या आयटी उद्यानातल्या एका इमारतीत फरशा पुसायला जातात. मागे राहते आठवीतली मुलगी. तिने बापासाठी एक वही केली आहे. एका पानावर पाण्याचा तांब्या, एकावर भाकरी, एकावर संडास, एकावर आईचे चित्र. बाप डाव्या हाताचे बोट ठेवतो. ह्या मुलीला कोणी काही शिकविले नव्हते. दुसऱ्या महायुद्धात मेंदूला गोळी लागलेल्या सैनिकांवर अलेक्सांद्र लुरिया ह्या सोव्हिएत शास्त्रज्ञाने उरलचे रुग्णालय चालवून ज्या तऱ्हेचे पर्यायी मार्ग शोधले, त्याच दिशेने ही पोर शंभर पानी वहीत चालली आहे. परंतु तिचे शाळेचे खाडे कोण भरून देणार?

आणि माणविषयी म्हणाल तर, हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा ह्याच गावच्या शिवारात उभा आहे. शिवाजीनगरला जोडणाऱ्या मेट्रोचे आगारही इथलेच. यंत्राला माणसाची भाषा शिकविण्याचे काम अशाच काचेच्या इमारतींतून चालते आणि त्यावर अब्जावधींचा खर्च होतो. ती इमारत ज्यांनी बांधली त्यांच्यापैकी एकाला भाषा परत शिकविण्यासाठी मात्र मुळशीत, पिंपरीत, चाकणमध्ये कोठे जावे हे सांगणारी एक पाटीही मला आढळली नाही. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे; म्हैसूरची अखिल भारतीय संस्था त्याहून जुनी, १९६५ ची. पुण्यात भारती विद्यापीठात ह्या विषयाचे तज्ज्ञ घडवितात. म्हणजे विद्या नाही असे नव्हे. ती कामगाराच्या वस्तीपर्यंत पोहोचत नाही, कारण तिथे तिची पदेच नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, ढोल वाजले, पेढे वाटले गेले. ज्यांची मराठी एका घावात गेली त्यांना ती परत मिळवून देण्याचा प्रश्न ह्या सोहळ्यात कोणाच्या स्वप्नातही आला नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचाघाताचे नाव घेतले आहे हे खरे. त्याच्या परिशिष्टात ‘वाणी व भाषा अपंगत्व’ अशी नोंद असून व्याख्येत वाचाघात स्पष्ट लिहिलेला आहे. पण पाने उलटीत चौतिसाव्या कलमाशी या. सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखायच्या, त्यांचे गट तिथे मोजले आहेत: अंध व क्षीणदृष्टी, बधिर, चलनवलनाचे अपंगत्व, त्यानंतर स्वमग्नता, बौद्धिक व मानसिक अपंगत्व, आणि ह्यांपैकी एकाहून अधिक असलेले. वाणी व भाषेचे अपंगत्व त्यात नाही! परिशिष्टात ओळख द्यायची आणि कलमात दार लावून घ्यायचे. विसावे कलम सांगते की सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येणार नाही, झेपत नसेल तर समान वेतनावर दुसरे काम द्यावे. पण हे बंधन सरकारी आस्थापनांपुरते. चाकण, तळेगाव, भोसरी, हिंजवडी ह्या साऱ्या पट्ट्यात ज्यांच्या घामावर कारखाने चालतात, ते खासगी मालकाचे, आणि त्यातलेही पुष्कळसे ठेकेदाराचे. सचिवालयातल्या कारकुनाची वाचा गेली तर त्याची खुर्ची राहील. परांचीवरच्या मजुराची गेली तर हजेरीपटावरून दुसऱ्याच दिवशी नाव जाईल. संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगाला महिन्याला अडीच हजार मिळू शकतात. खोलीचे भाडे ह्याहून जास्त आहे.

हे सारे दुसऱ्यांविषयी झाले. आता स्वतःविषयी थोडे लिहिले पाहिजे, नाहीतर हा लेख खोटा ठरेल. बांधकाम कामगारांच्या मेळाव्यात आम्ही ह्या माणसाला व्यासपीठावर बसविले होते. हार घातला, ‘ह्यांच्यावर झालेला अन्याय’ म्हणून मी पाऊण तास बोललो, घोषणा झाल्या. तो मध्ये दोनदा उठू लागला, त्याला काहीतरी सांगायचे होते. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसविले, कारण वेळ थोडा होता आणि पुढचे वक्ते ताटकळत होते. त्याला काय सांगायचे होते ते मला आजतागायत कळलेले नाही. आपली चळवळ तोंडावर चालते. फाटकावरची सभा, घोषणा, भाषण, ठराव, वाटाघाटी. जो मोठ्याने बोलेल तो नेता, जो बोलू शकणार नाही तो करुणेचा विषय. वाचाघात झालेल्या माणसाला जे मुख्यतः लागते ते असे: एका वेळी एक प्रश्न, छोटी वाक्ये, हातवारे, चित्रे, गोंगाट बंद, आणि उत्तराला एक मिनिट थांबण्याची तयारी. आपल्या कोणत्या शाखेच्या बैठकीत कोणासाठी मिनिटभर शांतता पाळली जाते, श्रद्धांजली वगळता?

१९६९ साली माथाडी कायदा झाला तेव्हा माथ्यावर ओझे वाहणाऱ्याला राज्याने प्रथम माणूस म्हणून मोजले. ते आपल्या रेट्याने झाले. माथ्याच्या आत झालेली इजाही आता मोजून घेतली पाहिजे, आणि त्यासाठी रेटा उभा करण्याइतकी पट्ट्यात संघटनांची ताकद आहे. संहितेच्या यादीत ‘वाचेचा व भाषेचा संपूर्ण नाश’ ही नोंद आली पाहिजे. चौतिसाव्या कलमात ज्यांना विसरले त्यांना घेतले पाहिजे आणि विसाव्या कलमाची कक्षा खासगी मालकापर्यंत गेली पाहिजे. राज्य विमा रुग्णालयांत, विशेषतः ह्या पट्ट्यासाठी असलेल्या चिंचवडच्या मोहननगर रुग्णालयात, वाणी-भाषा तज्ज्ञाची पदे भरून मेंदूच्या प्रत्येक इजेनंतर भाषेची तपासणी सक्तीची केली पाहिजे. आणि तीही रुग्णाच्या भाषेत, कारण इथला मजूर मराठीइतकाच भोजपुरी, उडिया वा बंगाली बोलणारा आहे. हे दिल्ली-मुंबईचे झाले, त्याला वेळ लागेल. पण स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चावेत असा राज्य शासनाचा दंडक आजही आहे. आयटी उद्यानाच्या टोलेजंग इमारतींवर कर मिळविणाऱ्या पंचायतींना त्यातून आठवड्यातून दोन दिवस एक तज्ज्ञ आणणे जड जाऊ नये. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडण्याचे काम माण, मारुंजी, हिंजवडीच्या साथींनी अंगावर घ्यावे. आणि वाचाघात झालेल्या कामगाराचा अंगठा कोणत्याही कागदावर संघटनेचा माणूस समोर असल्याशिवाय उठू देऊ नये, एवढे तर उद्या सकाळपासून करता येईल.

दावा मुदतीत दाखल झाला आहे. ऐंशी हजारांपैकी जे उरले आहे त्याला वहिनींनी हात लावलेला नाही. ज्याला तोंडाने बोलता येत नाही त्याने लेखनाने वा खुणांनी न्यायालयासमोर दिलेली साक्ष तोंडी साक्षच मानावी, दुभाष्याचे किंवा विशेष शिक्षकाचे साहाय्य घ्यावे आणि तिचे चित्रीकरण करावे, अशी तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या १२५ व्या कलमात आहे. तिच्या आधारे आम्ही अर्ज केला असून मुलीची ती वही सोबत जोडली आहे. मागच्या आठवड्यात मुलीने तिच्यात एक नवे पान घातले: वरती परांची, खाली एका बाजूला बाटली, दुसऱ्या बाजूला तुटलेला सुरक्षा-पट्टा. त्या दिवशी काय झाले होते, असे तिने बापाला विचारले. त्याने बाटलीवर तळहात ठेवून ती झाकली, मग गळ्यातली माळ बोटात धरून दाखविली, आणि पट्ट्यावर तीनदा बोट आपटले. ‘हां, मग,’ तो म्हणाला. वही पुराव्यात घेऊ नये अशी ठेकेदाराच्या वकिलाची हरकत आहे. अर्जावर निर्णय व्हायचा आहे.